पाशाला गोडं पाणी

पोर्ट सईद, ३ मार्च १९८७

आदरणीय उस्ता फरग,

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन कसं झालं ते अजून कळलेलं नाही. हे पत्र तुमच्या लेक, सित्त तहानीच तुम्हाला वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही माझा सलाम. दोन ओळी लिहून त्यांनी खुशाली कळवावी.

पत्र लिहायचं कारण पाशा आहे. आज चौथा दिवस, तो काही खात नाही. तुमच्यासारखीच मी हौदाच्या कडेवर बादली तीनदा वाजवतो. तो गुहेतून अर्ध्यापर्यंत वर येतो, माझ्याकडे बघतो आणि परत जातो. दिवसभर गुहेच्या तोंडाशी उजवी कूस घासतो. तिथे तळहाताएवढी खवलं गेली आहेत. उजव्या डोळ्यावर दुधासारखी साय आली आहे. मी काचेला भिंग लावून तासभर पाहिलं, अंगावर काही दिसत नाही. पण तुम्हीच म्हणायचात की ही कीड पाण्याच्याच रंगाची असते, मारल्याशिवाय दिसत नाही.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही त्याला गोड्या पाण्यात बुडवून बरं केलं होतं. तेव्हा मी सैन्यात, इस्माइलियाच्या छावणीत होतो. मत्स्यघरात दहा वर्षं काढली, पण नेमकी तीच गोष्ट मी पाहिलेली नाही.

काल आपले साहेब, रिफअत बे हौदापाशी आले. म्हणाले, "हा पाशा आहे की बंदरावरचा म्हातारा हमाल? जेव्हा बघावं तेव्हा भिंतीला पाठ घासतोय!" मी म्हणालो, आजारी आहे. ते म्हणाले, "शम्मुन्नसीमला अर्धं शहर इथे येतं. वसंताचा सण, खारवलेला मासा खाऊन लोक जिवंत मासा बघायला येतात. त्यांना मी हे खरजुलं दाखवू? सणापर्यंत बरा झाला तर ठीक. नाहीतर समुद्रकाठी कोर्निश रस्त्यावरच्या तळणवाल्याला देऊन टाकतो. एवढा मणभराचा हेकरू मासा, मेल्यावर तोसुद्धा घेणार नाही."

सण २० एप्रिलला आहे.

तेव्हा कृपा करून नेमकं सांगा. पाणी किती, ते किती कोमट आणि मासा त्यात किती वेळ ठेवायचा. 'अंदाजाने' असं लिहू नका. अंदाज तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

तुमचा,
वजदी


मिन्या, ११ मार्च १९८७

वजदी लेका, तुझ्यावर सलाम.

मी बोलतोय आणि तहानी लिहितेय. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत. डॉक्टर म्हणतो चाळीस दिवस खाली वाकायचं नाही. मग बूट कोण घालणार? तहानी घालते आणि घालताना बोलते. (बाबा, हे लिहायची गरज नाही. पण लिहिलं.) इथे समुद्र नाही. नाईल आहे, पण नाईलला वास नाही. सकाळी उठून मी नाकाने खिडकी शोधतो आणि सापडत नाही.

पाशाला तीच कीड आहे, शंका नको. खाऱ्यातली कीड गोड्यात गेली की पाणी पिऊन फुगते आणि पांढरी होऊन गळते. मासाही गोड्याचा नाही, पण तो मोठा आहे, थोडा वेळ दम धरतो. सगळा खेळ एवढाच, की कीड आधी मेली पाहिजे आणि मासा मागे राहिला पाहिजे.

नळाचं पाणी घे, पण आधी तीन दिवस उघड्या रांजणांत ठेव. त्यातली नगरपालिकेची दवाई उडून जाऊ दे. मागच्या खोलीतला फरशीचा हौद भर. हौदातलं पाणी आणि पाशाचं पाणी सारखंच कोमट पाहिजे, कोपर बुडवून बघ. मूठभर खायचा सोडा टाक. मूठ कुणाची म्हणून विचारशील, तर माझी. हवेची नळी चालू ठेव. जाळं अजिबात वापरू नकोस, त्याचे डोळे फाटतील. ओल्या गोणपाटाची झोळी कर आणि दोघं मिळून उचला.

आता वेळ. तुला आकड्याशिवाय झोप येत नाही हे मला ठाऊक आहे. तर घे, तीस फातिहा. तीस म्हणून होईस्तोवर ठेव आणि मग उचल. पंधरा दिवसांनी परत एकदा, कारण तिची अंडी बारीक दोऱ्यांनी दगडाला चिकटलेली असतात. त्यांना पहिल्या बुडीचा हिसका बसलेला नसतो.

पाशाला सांग, म्हाताऱ्याचे आणि तुझे डोळे बरोबरच गेले, आता परतही बरोबरच यायला हवेत.

उस्ता फरग

ताजा कलम, तहानीकडून: वजदी, तुमचं पत्र मी शेजारच्या शिक्षिकेला दाखवलं. एकही खाडाखोड नाही आणि एकही चूक नाही. ती म्हणाली, हा माणूस शाळेत शेवटपर्यंत का नाही गेला? बाबा बरे आहेत. "किती लिहू?" असं मी विचारल्यावर ते दिवाणाची कड बोटांनी चाचपत राहिले, मग म्हणाले, "लिही तीस."


पोर्ट सईद, २३ मार्च १९८७

आदरणीय उस्ता फरग,

तुमचं पत्र १७ तारखेला मिळालं. तुम्ही सांगितलेलं सगळं मी वहीत उतरवून घेतलं आणि काल, रविवारी, पाशाला बुडी दिली.

रांजणांत पाणी चार दिवस ठेवलं, म्हणजे एक दिवस जास्तच. दोन्ही पाण्यांना थर्मामीटर लावला, अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. सोड्याची मूठ माझी घेतली, पण तुमची मोठी असते म्हणून वर दोन चमचे टाकले. झोळीसाठी नवं गोणपाट आणून आदल्या दिवशी भिजत घातलं.

फातिहा म्हणण्यासाठी मी तिकीट खिडकीवरच्या शेख अब्दुश्शाफींना विनंती केली. मी चर्चमध्ये वाढलो, कुराणातली ती पहिली प्रार्थना मला पाठ नाही. मी ख्रिस्ती आहे हे तुम्ही विसरलात असं मला वाटत नाही. आणि विसरला असाल तर मला त्याचा आनंदच आहे. पण जे मोजायचं ते ज्याला येतं त्याच्याकडूनच मोजून घ्यावं, असा विचार मी केला. शेखसाहेब आधी हसले. म्हणाले, "तुझा उपवासाचा महिना आणि मासाही उपवासाला बसलाय. आता मी मध्ये पडतो." मग हातपाय धुऊन आले आणि हौदाजवळ खुर्ची घेऊन बसले. मी मनगटावरच्या घड्याळातही पाहिलं, पुढच्या वेळी लागेल म्हणून. तीस फातिहांना एकोणीस मिनिटं वीस सेकंद लागली.

कीड गळाली. तुम्ही म्हणालात तशीच, पांढरी होऊन, मसुरीच्या सालीसारखी. पाणी गाळून मोजली, एकशे चौऱ्याऐंशी निघाली. पाशा थकला आहे, ते साहजिक आहे. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. रिफअत बेंनी किडीची बशी पाहिली आणि माझी पाठ थोपटली.

दुसरी बुडी ६ एप्रिलला द्यायचं ठरवलं आहे. तेव्हाही तीसच ना?

तुमचा,
वजदी


मिन्या, ३१ मार्च १९८७

वजदी,

तुझं पत्र आत्ता वाचून झालं आणि आत्ताच उत्तर देतोय. तहानी जाऊन जलद टपालात टाकेल.

एकोणीस मिनिटं? लेका, एकोणीस? अब्दुश्शाफीला कुठे धरून आणलंस! तो मय्यतीच्या तंबूत फातिहा म्हणायला लागला की माणसाच्या हातातली कॉफी थंड होते. त्याचा एकेक स्वर खिडकीतून बाहेर जातो, रस्ता ओलांडतो आणि फेरी बोट धरून परत येतो. मी म्हणतो ती फातिहा म्हणजे ओठातल्या ओठात पुटपुटणं, बसमध्ये चढणाऱ्या माणसाची.

दुसरी बुडी देऊ नकोस. माझं उत्तर येईपर्यंत हात लावू नकोस.

आणि आता खरं लिही. 'पाशा थकला आहे' एवढं लिहून तू पुढच्या ओळीला गेलास. मी तुला तुझ्या सोळाव्या वर्षापासून ओळखतो. तू बादली किती वेळा धुतलीस तेही सांगणारा पोरगा आहेस. पाण्यात त्याने काय केलं? डोळा फिरला का? कूस वर आली का? कितव्या फातिहाला?

फरग

तहानीकडून: वजदी, चूक माझीही आहे. 'तीस फातिहा' लिहिताना माझ्या मनात आलं होतं की हे तुम्हाला कसं कळणार. पण वाटलं, तुम्ही विचाराल. तुम्ही सगळंच विचारता.


पोर्ट सईद, ६ एप्रिल १९८७

आदरणीय उस्ता फरग,

पत्र काल पोचलं. आज दुसऱ्या बुडीचा दिवस होता. रांजण भरून ठेवले होते, पण बुडी दिली नाही.

प्रत्येक पत्र मी आधी कच्चं लिहितो आणि मग पक्कं करतो. मागच्या कच्च्या पत्रात एक परिच्छेद होता. पक्कं करताना तो मी गाळला. आता तोच इथे उतरवतो आहे.

बुडवल्यावर पाशा दोनदा झटकला आणि शांत राहिला. सहाव्या फातिहाला कीड पांढरी व्हायला लागली. आठव्याला पाण्यात सालं तरंगू लागली. अकराव्या फातिहाला पाशाची उजवी कूस वर आली आणि तोंड उघडंच राहिलं. शेखसाहेबांनी मध्येच थांबून म्हटलं, "वजदी, मासा उलटतोय." मी म्हणालो, "शेखसाहेब, अजून एकोणीस राहिल्या आहेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढे म्हणायला सुरुवात केली. मी त्यांच्या बोटांची पेरं मोजत होतो. पाशाकडे मी पाहत नव्हतो असं नाही. दिसत होतं. पण मला वाटलं, तुम्ही पाहिलेलं आहे आणि मी पाहिलेलं नाही, तेव्हा हे असंच होत असणार. मध्येच काढला आणि कीड उरली तर तुम्ही म्हणाल, तीस सांगितल्या होत्या. तीस पूर्ण झाल्यावर मी हात घातला. तो गोणपाटाइतकाच लोंबत होता.

समुद्राच्या पाण्यात आल्यावर दोन तासांनी तो सरळ झाला. तेव्हापासून गुहेतच आहे. कल्ले चालतात, पण भरभर आणि वरवर. बादली वाजवली तर वळत नाही. आता दोन्ही डोळ्यांवर साय आहे. घासणं मात्र थांबलं आहे. घासण्याइतकी ताकद नाही, की कीड खरंच गेली, ते मला कळत नाही.

रिफअत बेंना घासणं थांबलेलं दिसतं, म्हणून ते खूष आहेत. पण काल तळणवाला आला होता, काचेला नाक लावून उभा होता. मला म्हणाला, "भाऊ, हा तुमच्याकडे राहणार नाही. मी मासे जिवंत बघून घेतो, मला कळतं." आणि निघताना म्हणाला, "जिवंत असेपर्यंत सांग बरं का."

मी काय करू? या वेळी आकडा मागत नाही. फक्त काय करू ते सांगा.

वजदी


मिन्या, १२ एप्रिल १९८७

वजदी लेका,

पट्ट्या काल काढल्या. डाव्या डोळ्याने तहानीचं नाक दिसलं. मी म्हणालो, "तुझ्या आईचं नाक तुला कधी आलं?" ती रडली. उजव्या डोळ्याचं अजून सांगता येत नाही.

तिला मी म्हटलं, हे मी सांगतो तसंच लिही, सुधारू नकोस.

तीस हा आकडा माझाच आहे. मी तो इथे दिवाणावर बसून तयार केला. तू सैन्यात होतास तेव्हा पाशाला मी तीनदा बुडी दिली, आणि तू यायच्या आधी बाकीच्या माशांना कितीदा ते देवाला ठाऊक. एकदाही मोजलं नाही. मी एक हात त्याच्या पोटाखाली ठेवायचो. जिवंत माशाचं पोट हाताला ढकलत असतं, भरल्या पखालीसारखं. ते ढकलणं सैल पडायला लागलं की मी उचलायचो. कीड थोडी उरली तर उरली, पंधरा दिवसांनी परत. एवढंच.

आणि फातिहा? ती मी वेळ मोजायला म्हणत नव्हतो. मला भीती वाटायची म्हणून म्हणायचो. मणभराचा जीव परक्या पाण्यात घालून उभा असायचो, तोंड गप्प राहायचं नाही. किती झाल्या, कुठे अडकलो, परत पहिल्यापासून कधी सुरू केली, काही आठवत नाही. बघणाऱ्यांना वाटायचं उस्ता मोजतोय. मला ते आवडायचं. मी कुणाला सुधारलं नाही.

तू लिहिलंस, अंदाज तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. ते वाचून मला राग आला होता. दहा वर्षं तू माझ्या शेजारी उभा होतास. मी कधी तुझा हात धरून माशाखाली ठेवला नाही. बादल्या धुवायला लावल्या, काचा पुसायला लावल्या, हात मात्र माझाच घालायचो. मग तू आकडा मागितलास तेव्हा 'मला सांगता येत नाही' असं म्हणायला लाज वाटली. आणि आकडा दिला.

पाशाला आता काही करू नकोस. औषध नको, उचलणं नको. पाणी थोडं थोडं बदल आणि दिवा मालव. तळणवाल्याला आत घेऊ नकोस. आणि बादली वाजवल्यावर तो आला नाही तरी वाजवत जा. त्याला ऐकू येतं.

फरग


पोर्ट सईद, २ मे १९८७

आदरणीय उस्ता फरग,

तुमचं पत्र १८ एप्रिलला मिळालं. पाशा १५ तारखेला, बुधवारी सकाळी गेला. मी दार उघडलं तेव्हा तो गुहेबाहेर, काचेजवळ तळाला होता. कल्ले अजून चालत होते. मी बादली वाजवली. तुमचं पत्र अजून यायचं होतं, पण मी रोज वाजवतच होतो. त्याने शेपटी हलवली की पाणी हललं, सांगता येत नाही. मग थांबला.

हे मी आधी कळवायला हवं होतं. तीन कच्ची पत्रं लिहिली आणि तिन्ही पक्की करताना फाडली. या पत्रात खाडाखोड आहे. तशीच पाठवतो आहे, सित्त तहानींनी शिक्षिकाबाईंना दाखवू नये.

रिफअत बे म्हणाले, "आता कचऱ्यात टाक, काय करणार!" मी त्यांना म्हणालो, हातगाडी द्या. त्यांनी दिली. मी आणि शेखसाहेबांनी त्याला त्याच गोणपाटात घातलं आणि लाटरोधकाच्या टोकाला नेलं, तुम्ही गळ टाकून बसायचात तिथे. तिथेच पाण्यात सोडलं. शेखसाहेबांनी गोणपाट पिळून गाडीत टाकलं. येताना रिकामी गाडी मी ढकलत होतो, तेव्हा ते बोलले. "मी भरभर म्हणायला हवं होतं. एरवी घरी मीसुद्धा पुटपुटतोच. पण तू ख्रिस्ती पोरगा, माझ्यापाशी येऊन अदबीने विचारलंस. मला वाटलं, याच्यासमोर नीट म्हणावं, छान म्हणावं." थोडं चालून म्हणाले, "इतकं सुंदर मी कुणाच्या मय्यतीलाही म्हटलेलं नाही रे."

शम्मुन्नसीमला गर्दी झाली. पाशाच्या हौदापाशी लोक थांबायचे, गुहेत वाकून बघायचे. एका बाईंनी लेकराला सांगितलं, "झोपलाय, हाक मार." ते हाका मारत राहिलं. मी काच पुसत राहिलो.

सणानंतर त्याच हौदात आणून ठेवलेले दोन लहान हेकरू आठवड्याने कूस घासायला लागले. दगडाला चिकटलेली अंडी फुटली असणार. तुम्ही सांगितलं होतंत पंधरा दिवसांनी परत, पण पाशासाठी मी ते थांबवलं आणि हौदाचा विचार केला नाही. रिफअत बेंना सांगितलं नाही. काल रांजणातलं पाणी ओतलं. शेखसाहेब रोज्यात होते, तरी झोळीचं एक टोक धरायला आले. मी म्हणालो, फक्त धरा. घड्याळ काढून खिशात ठेवलं.

पहिल्याला पाण्यात सोडलं आणि दोन्ही हात त्याच्या पोटाखाली नेले. ते ढकलतं. तुम्ही लिहिलंत तसंच, पखालीसारखं. दहा वर्षं मी माशांना काचेतून पाहिलं, हे मला ठाऊक नव्हतं. सालं गळायला लागली. मला वाटलं, सैल पडतंय. मग वाटलं, नाही पडलं. परत वाटलं, पडलं. माझे ओठ हलत होते ते शेखसाहेबांनी नंतर सांगितलं. मी 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणत होतो, आमच्या चर्चमधलं. किती वेळा ते मलाही सांगता येणार नाही. पोटाचं ढकलणं एकदम सैल झालं आणि मी उचललं.

दुसऱ्यालाही तसंच केलं. दोघेही पोहत आहेत. एकाने संध्याकाळी कोळंबी खाल्ली. कीड किती पडली ते मोजलं नाही.

तुमचा उजवा डोळा कसा आहे ते कळवा. दिसायला लागलं तर या. इथे दाखवण्यासारखं आता फार काही नाही, पण मागच्या खोलीतला हौद तसाच आहे. मला एकदा तुमचा हात तिथे बघायचा आहे.

अकराव्या फातिहाला मी पाशाच्या पोटाखाली हात घातला असता, तर ते ढकलणं सैल पडलेलं मला कळलं असतं का? हे तुम्हाला विचारणार होतो. पण मला वाटतं, मला माहीत आहे.

तुमचा,
वजदी